वल्ह्याने पुसलेली वाट

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय वल्हेकाका,

नमस्कार. पत्र तुमची लेक वाचून दाखवणार, तेव्हा मास्तरीणबाईंनाही नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मी ठणठणीत. इथे आठवडाभर पाऊस नाही, पण तुमच्या त्या बारमाही पावसात दोन वर्षं काढल्यापासून छत्रीशिवाय माझा पाय घराबाहेर पडत नाही. ऑफिसातले हसतात.

मला बढती मिळाली. टेबल आता खिडकीशी आहे. समोरच्या भिंतीवर आपल्या नदीचा मोठा रंगीत नकाशा लावला होता. परवा मी टेबल फिरवून घेतलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. उजेड डोळ्यांवर येतो, असं सगळ्यांना सांगितलं.

उगाच इकडचं तिकडचं लिहितेय. तुम्ही म्हणाल, चष्मिष, मुद्द्यावर ये.

मला वाळूच्या पट्ट्यावर नेलंत ती सकाळ आठवते? दोन वर्षं तुमच्या होडीत बसून मी मासे मोजले, पाण्याचे नमुने भरले, तरी ती जागा तुम्ही दाखवली नव्हती. कासविणी अंडी घालून नदीत परतल्या होत्या आणि वाळूभर त्यांच्या खुणा होत्या. तुम्ही वल्हं आडवं धरून, मागे मागे सरकत, एकेक खूण पुसलीत. शेवटी आपली पावलंही. तुमच्या गावात ज्याच्याकडे पट्टा राखायची पाळी असते तो हे करतोच, म्हणालात. मग मलाही पुसायला लावलंत. माझं काम बघून म्हणालात की अंडीचोरांना वाटेल इथे म्हैस लोळून गेली. पोट धरून हसलो होतो आपण. होडीत बसताना मात्र तुम्ही गंभीर झालात.

"ही जागा तुझ्या वहीत नको."

मी मान डोलावली. वहीत नाहीच लिहिली. ऑफिस छापणार होतं त्या नकाशावर टाकली, ठिपका देऊन.

ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलं नव्हतं, काका. त्यांच्यावर ढकलायचा मी खूप प्रयत्न करून पाहिला. मलाच मिरवायचं होतं. आजवर कुणाला न सापडलेली जागा हिला सापडली, असं चारचौघांनी म्हणावं, एवढंच. सापडली कसली, तुम्ही हाताला धरून नेलंत. तो नकाशा शहरातल्या प्रदर्शनात वाटला, 'नदी वाचवा' अशा ठळक अक्षरांत. तुमच्या गावात एकही प्रत आली नाही.

महिन्याभरात चोरांनी अख्खा पट्टा खणून नेला. आपण पोचलो तेव्हा तुम्ही पुढे होतात, अंड्यांच्या फुटक्या कवचांमधून वाकून चालत. माझ्या पायाशी, एका खड्ड्याच्या कडेला, तो नकाशा पडला होता. ठिपक्याभोवती कुणीतरी पेनाने गोल केला होता. मी तो उचलला आणि खिशात घातला.

त्याच दुपारी सभा बसली. जागा बाहेर कशी गेली, असं सगळे विचारत होते. तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलंत.

"परक्या माणसाला तिथे मी नेलं. चूक माझी."

मी चहाचा पेला धरून बसले होते. नकाशा खिशात होता. नुसतं उठून उभं राहायचं होतं. मी चहा संपवला. एकतीस वर्षांची तुमची पाळी त्यांनी काढून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मला धक्क्यावर सोडायला आलात, माझ्या वह्या भिजू नयेत म्हणून पिशवीवर स्वतःचा रेनकोट टाकलात. तो अजून माझ्याकडे आहे. लाज वाटते, काका. तो धड वापरवत नाही, परतही पाठवता आला नाही.

पट्टा यंदा पुन्हा पाण्यावर आलाय आणि तुम्ही घरात जाळी विणत बसता, असं मास्तरीणबाईंनी कळवलं. भिंतीवरचा नकाशा मी काढायला लावला. वाटलेल्या प्रती काही परत येत नाहीत. सोमवारच्या बोटीने मी येतेय, रेनकोट घेऊन. पण त्याआधी गावाला कळायला हवं. समोरासमोर माझी पुन्हा दातखीळ बसेल, माझा भरवसा नाही.

मास्तरीणबाई, तुमचे वडील आता म्हणतील, पुरे, घडी घालून ठेव ते. ऐकू नका. सोबत तोच नकाशा ठेवलाय, पेनाच्या गोलासकट. सभा बोलवा आणि हे पत्र सगळ्यांसमोर पहिल्यापासून वाचा. गुडघ्याची चौकशी वगळलीत तरी चालेल.

काकांनी जिचं नाव घेतलं नाही ती,
चष्मिष