दुसऱ्यांदा आलेला कागद

अण्णा,

आज वर्गात राष्ट्रपतींचे अधिकार शिकवत होते. चाकणहून बसने येणारी एक मुलगी आहे, फटकळ, थेट माझ्यासारखी. मध्येच उभी राहून म्हणाली, "मॅडम, सगळं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच करायचं, तर राष्ट्रपती म्हंजे नुसता रबरी शिक्काच की!" वर्ग हसला. एरवी मी अशा पोरीला शाबासकी दिली असती. आज फळ्याकडे वळले आणि लिहिलेलं पुसून तेच पुन्हा लिहीत राहिले. हा शब्द मी घरात वापरला तेव्हा तिच्याच वयाची होते, आणि तो तुम्हाला म्हणाले होते.

तुमची युनियन म्हणजे छोटं संघराज्यच होतं. पिंपरीच्या प्लँटची एक कमिटी, चाकणच्या प्लँटची दुसरी, आणि दोन्हींवर अध्यक्ष म्हणून तुम्ही. ठराव कमिट्यांनी करायचे, सही तुमची. पटलं नाही तर कारण लिहून एकदा परत पाठवायची मुभा होती. तोच ठराव बहुमताने पुन्हा आला की सही करायचीच. "आपल्या राष्ट्रपतीचं बी असंच असतंय," तुम्ही ओट्याशी लसूण सोलत सांगायचात. कंपनीला सुट्टी गुरुवारी, त्यामुळे आपल्याकडे रविवार गुरुवारी यायचा, आणि राज्यघटनाही त्याच दिवशी. राज्यपाल कोण नेमतं, राज्याचं विधेयक दिल्लीला कधी जातं, हे मला पुस्तकाच्या आधी त्या लसणाच्या ढिगाशी बसून कळलं. केवढा तोरा होता माझा! आमचे अण्णा अध्यक्ष आहेत, असं मी शाळाभर सांगत फिरायचे.

मग तो करार आला. पिंपरीच्या कायम कामगारांना हात लागणार नाही, बदल्यात चाकणचे सतरा टेम्पररी कमी करायला युनियनची हरकत नाही. सोबत यादी. तिच्यात मामाचं नाव होतं. आईचा धाकटा भाऊ, आपल्याच घरी राहणारा, तुमच्याच शब्दावर कामाला लागलेला. तुम्ही कागद परत पाठवलात. पंधरा दिवसांनी तो तसाच्या तसा पुन्हा आला. पिंपरीची मतं जास्त होती. त्या गुरुवारी दुपारी तुम्ही स्वयंपाकघरात चष्मा लावून बसलाय आणि सतराही नावं मोठ्याने वाचताय. आईचं लाटणं थांबलंय. मामा दारात उभा आहे. बारावं नाव त्याचं. तिथे तुम्ही थांबला नाहीत, आवाज तेवढा खाली गेला. सतरावं नाव झाल्यावर सही केलीत.

मी ओरडले, "परत पाठवता येत नसेल तर खुर्ची सोडा! राजीनामा द्या. नाहीतर तुम्ही अध्यक्ष नाही, रबरी शिक्का आहात."

"मी उठलो की दुसरा बसंल," तुम्ही शांतपणे म्हणालात. "त्यो न वाचता सही करंल. मी वाचून तरी केली."

"वाचून काय फरक पडला?"

उत्तर दिलं ते मामाने. "असं नको बोलू गं त्येंना. साहेबाच्या लेखी आमी सतरा नग हाव. दाजींनी नाव घेऊन काढलं." दुसऱ्या दिवशी तो सकाळच्या एसटीने गावाला गेला, तो परत आपल्या घरी राहायला आलाच नाही.

तुम्ही माझ्यावर रागवायला हवं होतं, अण्णा. एक थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. त्याऐवजी कॉलेजचा कुठलाही फॉर्म पुढे केला की तुम्ही तो शेवटपर्यंत वाचायचात आणि विचारायचात, "शिक्का कुठं मारू, बाई?" मी हसायचे. चुकलं, एवढा एक शब्द मला कधी म्हणता आला नाही. गुरुवारी लसूण आई एकटीच सोलायला लागली.

शिकवायला लागल्यापासून मी तुमच्यासाठी पळवाट शोधते आहे. राज्यपालांनी राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलेलं राज्याचं विधेयक दुसऱ्यांदा आलं, तरी राष्ट्रपतींवर सहीचं बंधन नसतं. हे पहिल्यांदा नीट वाचलं त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी त्या ओळीखाली दोनदा रेघ ओढली होती. वाटलं, सापडली! पण तिथेही सल्ला मंत्रिमंडळाचाच. कुठल्याच कलमाने तुम्ही सुटत नाही, आणि आता मला सोडवायचंय ते तुम्हाला नाहीच.

तुमच्या ऑपरेशनच्या सकाळी नर्सने संमतीपत्र माझ्या हातात दिलं. चार पानं, बारीक अक्षर. स्ट्रेचर निघालं होतं. तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघत होतात. मी सही करून कागद परत दिला.

"वाचलंस का?" तुम्ही विचारलंत.

"हो अण्णा. सगळं."

तुमचा चेहरा सैल झाला. "मग झालं," म्हणालात. तुमचं माझ्याशी तेवढंच शेवटचं बोलणं. यात दोष कुणाचा नव्हता, डॉक्टरांनी शर्थ केली. आणि वाचलं असतं तरी सही मला करावीच लागली असती, हे मला कळतं. मुलांना मी तेच तर शिकवते.

उद्या त्या पोरीला उत्तर द्यायचंय. तिला तुमचंच, वाचून सही करण्याचं वाक्य सांगेन, तुमचं म्हणून न सांगता. हे पत्र मात्र तुमच्या घटनेच्या प्रतीत घडी घालून ठेवणार आहे, कुणी उघडू नये म्हणून वरच्या फळीवर. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी थेट शेवटचं पान उघडलं होतं. पहिल्या पानावर तुमचं नाव होतं, अण्णा. तेवढंसुद्धा मी वाचलं नव्हतं.