एका कप्प्याचे पाकीट

मी, पाकिटांच्या दुकानाचा मालक, वय सव्वीस, शिक्षण आठवी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मला कोणी दटावलेले नाही, गोडीगुलाबीने वळवलेलेही नाही. उद्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. पण मी कापण्याआधी दोनदा मोजणारा माणूस, म्हणून लिहून ठेवतो.

१. वडिलांनी हयातीतच दादाला घर दिले आणि मला दुकान, दोघांच्या सह्या घेऊन. हे दुकान, शिलाई मशीन, आऱ्या, चामडे कापायची रापी आणि उरलेले चामडे मी माझी धाकटी बहीण चिमी हिला देत आहे. एकटीला. तिची शिवण माझ्याहून सरळ आहे, हे तिला तोंडावर कधी सांगितले नाही; आता कागदावर सांगतो. तिने दुकान तारण ठेवू नये, कोणाच्याही कर्जाला जामीन राहू नये. 'कोणाच्याही' म्हणजे दादाच्या, हे घरात सर्वांना कळते. तरी संदिग्ध राहू नये म्हणून लिहिले.

कारण असे. दादा गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीचे काम करतो आणि नऊ क्रेडिट कार्डे बाळगतो. एकाचे बिल दुसऱ्यावर, दुसऱ्याचे तिसऱ्यावर. याची टोपी त्याच्या डोक्यावर. दुकान तारण ठेवून सगळे एकदम फेडू, असे त्याने सुचवले. मी नाही म्हणालो, तेव्हा त्याने माझे पाकीट उघडून सर्वांसमोर धरले.

"एकच कार्ड! अरे, पाकीटवाला ना तू? लोक काय म्हणतील?"

चिमी म्हणाली, "दादा, तुझं पाकीट खिशात मावत नाही, आणि चहाचे पैसे मात्र भाऊच देतो!"

२. त्या एका कार्डाचा मला अभिमान आहे. बँकेने आधी नाकारले होते. मिळाल्यावर त्यावर एकच खरेदी केली, हे शिलाई मशीन, आणि मुदतीआधी फेडले. कार्डही चिमीला द्यायचे होते, पण बँकेतल्या बाई हसल्या. "अहो, कार्ड वारसाला जात नाही. माणूस गेला की बंद." उत्तम. चिमीने ते कात्रीने कापून टाकावे. हवे तर स्वतःच्या नावावर नवीन घ्यावे. एक.

३. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला विचारावेच लागते, कार्डे किती? लोक वाढवून सांगतात. एक वकीलसाहेब बारा कप्पे शिवून घेऊन गेले आणि त्यांत वाचनालयाचे, व्यायामशाळेचे, जे मिळेल ते कार्ड भरले. हसू नये, शिवून द्यावे. मात्र कप्पा एकाच कार्डाच्या मापाने घट्ट शिवावा आणि गिऱ्हाइकाला बजावून सांगावे, की एका कप्प्यात दोन कार्डे कोंबू नका. चामडे ताणते, मग एकटे कार्ड त्यात टिकत नाही, घसरून पडते. ताणलेले चामडे परत आवळत नाही. हा वडिलांचा नियम आहे, तो बदलू नये. आमचे पाकीट उसवून परत आले, असे या रस्त्यावर कोणी म्हणून दाखवावे!

४. शेजारच्या घड्याळजींना माझा टेबलावरचा दिवा द्यायचा होता. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असे कळले. घड्याळजी म्हणाले, "मग सही दुसऱ्या कोणाची घे, दिवा मला दे." वाद नको म्हणून दिवा आजच देऊन टाकला. पुढे अक्षर कुठे हलले असेल तर ते उजेड कमी असल्यामुळे, भीतीमुळे नव्हे.

५. दादाला मी शिवलेले एक पाकीट. कप्पा एकच. टोमणा आहे, नाकारत नाही. पण त्याला नोकरी सोडून यायचे असेल, तर चिमीने त्याला पगारावर ठेवावे. गल्ल्यावर बसवू नये. कापायच्या टेबलावर बसवावे. वडील म्हणत, "शिवणं धाकट्यानं, पण कापणं थोरल्यानंच." मी ते अनेकदा ऐकले, आणि दर वेळी मला राग आला, कारण ते खरे होते. तसा हात या धंद्यात मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही.

हे कलम आज दादाला वाचून दाखवले. पाकीट त्याने हातात घेतले. मला वाटले, आता भिरकावणार. त्याने ते खिडकीशी उजेडात धरले.

"कप्पा तिरका कापलायस. बाबांनी तोंडावर फेकलं असतं."

"मग तू काप."

"रापी कुठाय?"

साक्षीदार :
१. शेजारचे घड्याळजी (सही)
२. समोरचे छापखानेवाले (सही)

लिहून देणार : पाकीटवाला, धाकटा (सही)
तारीख : शस्त्रक्रियेचा आदला दिवस, सोमवार
ठिकाण : दुकानाचा गल्ला. कापायच्या टेबलावर जागा नाही, तिथे दादा बसला आहे.