दहा मिनिटांचं सबडोमेन

३ मार्च, सकाळी ९
आजपासून कामाची रोजनिशी. फक्त माझ्यासाठी.
सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या, घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाची वेबसाइट आहे. दुकान आता ही सांभाळते. नाना जुन्या घड्याळांबद्दल जे जे सांगतात, ते ही चार वर्षं टाइप करून साइटवर टाकतेय. तीनशेवर नोंदी झाल्या, पण कोपऱ्यात पडून असतात. पंधरा तारखेला नानांना ऐंशी पूर्ण. त्या दिवशी नोंदींना स्वतःचा पत्ता द्यायचा, असा हिचा बेत. त्याला सबडोमेन म्हणतात. साइटच्या नावाआधी 'नोंदी' शब्द आणि एक टिंब. घर तेच, दार वेगळं.
ही म्हणाली, साइट बनवणाऱ्या बाईंना सांगू. मी म्हणालो, दहा मिनिटांचं काम, कशाला त्यांना त्रास. निवृत्तीपर्यंत एकोणीस वर्षं ऑफिसात टपाल विभाग सांभाळलाय. पत्ते म्हणजे माझ्या हातचा मळ.

४ मार्च
साइट ज्यांच्या जागेवर ठेवलीय, त्या होस्टिंगवाल्यांचं कंट्रोल पॅनेल उघडलं. चौसष्ट चित्रं. कशालाही हात लावला नाही. निरीक्षण केलं. पॅनेलचा रंग निळा केला. पहिला टप्पा पूर्ण.

६ मार्च, दुपारी ४
काल मान अवघडली होती.
सबडोमेनचं पान सापडलं. रिकाम्या चौकटीत पूर्ण पत्ता लिहिला. साइटचं नाव पॅनेल आपणहून जोडतं, हे कुठेही लिहिलेलं नाही. चौकटीखाली लिहिलंय, पण बारीक अक्षरात. पत्त्यात दुकानाचं नाव दोनदा आलं. हिला सांगितलं, लोकांच्या लक्षात राहावं म्हणून.


७ मार्च
तो पत्ता काढून दुसरा केला. फोल्डर कुठला, असंही विचारतात. एक आधीच भरलेला होता, तोच दिला. रिकाम्या जागेत कोण राहायला जाईल.
पत्ता उघडत नाही. वाचलं, की नवा पत्ता जगभर पसरायला अठ्ठेचाळीस तास लागू शकतात. जीव भांड्यात पडला. ही तासातासाला विचारते. मी सांगतो, पसरतोय.

९ मार्च, सकाळी ११
उघडला. पण आत नोंदींऐवजी अख्खं दुकान. पॅनेलने मला न विचारता सगळ्याची नक्कल केलेली दिसते. नक्कल पुसायची, मग नोंदी सावकाश आणून ठेवायच्या.

दुपारी ४
सगळं सिलेक्ट करून डिलीट केलं. कचरापेटीत न टाकता कायमचं पुसायचं का, असं विचारलं. हो म्हटलं. कचरा साठवायची मला सवय नाही. फोल्डर लख्ख.

संध्याकाळी ६
दुकानाची साइटही गेली. हॅकर असावा.

१० मार्च
हिने होस्टिंगवाल्यांना फोन लावला. तिकडच्या बाई म्हणाल्या, नक्कल नव्हतीच. दोन्ही पत्ते एकाच फोल्डरकडे जात होते, आणि तो फोल्डर काल दुपारी पावणेचारला पॅनेलमधूनच पुसला गेला. कोणी, ते त्यांनी सांगितलं नाही. सभ्य बाई.
महिन्यापूर्वीचा बॅकअप होता. त्यातून साइट परत आली. त्यानंतरच्या एकोणीस नोंदी गेल्या. त्या हिने थेट साइटवरच टाइप केल्या होत्या, कागदावर काही नाही.
ही ओरडली नाही. जेवताना एवढंच म्हणाली, "नानांना तुम्हीच सांगा." ओरडली असती तर बरं झालं असतं.

११ मार्च
दुकानात गेलो. नाना डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळावर वाकलेले. सर्व्हर, फोल्डर, बॅकअप, असा मी अर्धा तास तांत्रिक खुलासा केला. त्यांनी भिंग काढलं. "म्हणजे जावईबापू, तुम्ही पुसलंत?"
मी म्हणालो, एका अर्थी.
"बरं. बसा. वही घ्या."
पाच नोंदी लिहून घेतल्या. सांगताना नाना हवेत बोटांनी चाकं फिरवतात. एकदा आठवेना, तेव्हा बराच वेळ काउंटरच्या काचेकडे बघत बसले. मी वहीचं पान सरळ करत राहिलो. 

१३ मार्च
सतरा झाल्या. उरलेल्या दोन काही केल्या आठवत नाहीत. नाना म्हणाले, असू दे, घड्याळं चालू आहेत ना. मी वहीत दोन पानं कोरी सोडली.
सबडोमेन साइटवाल्या बाईंनी केलं, पुढ्यातला चहा निवायच्या आत. पायाभूत काम माझं होतं, हे मी त्यांच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, तेच आधी उपसून काढावं लागलं.

१५ मार्च, रात्री ८
दुकानात सगळे जमले होते. नातेवाईक, जुनी गिऱ्हाइकं. नवा पत्ता पहिल्या फटक्यात उघडला. नानांनी चष्मा लावून सर्वांत ताजी नोंद वाचली. ती त्यांनी हिला काल सांगितली म्हणे.
"एका गृहस्थांनी उत्तम चालणारं घड्याळ साफ करायला म्हणून घरी उघडलं. घड्याळात दोष नव्हता. सांडलेले स्क्रू मिळाले, दोन मिळाले नाहीत. अशा माणसावर रागावू नये. त्याला शेजारी बसवून घ्यावं. हाताला काम असलं की तो काही उघडत नाही."
सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने हसलो. असतात असले लोक.
घरी येताना हिला विचारलं, कोण गं हा गृहस्थ. ती म्हणाली, "उद्यापासून दहाला तुम्हाला दुकानात बोलावलंय नानांनी. रोज."
कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दुकानाची जुनी गिऱ्हाइकं आठवत होतो. मग डोक्यात उजेड पडला. 
दहाला पोचायचं म्हणजे साडेनऊला निघावं लागेल.