अण्णा, बरणी परत काढली

अण्णा, तुमची ती मोठी काचेची बरणी मी परत माळ्यावरून खाली काढलीय, आणि हे सांगावं असं तुमच्याशिवाय दुसरं माणूस नाही. आई आहे शेजारच्या खोलीत, पण तिच्यापुढं विषय काढला की ती कपाळाला हात लावती. "पन्नाशी उलटली, गुडघे धरले, आन् किडे पाळायलीस व्हय?" हे तिचं जुलैपासून चाललंय. किडा म्हणजे तुमचा हातजोड्या. पुस्तकात त्याला प्रार्थना कीटक म्हणतात, पण तुम्ही हातजोड्या म्हणायचात, म्हणून आपल्या घरात तेच नाव राहिलं. मुकुंदवाडीच्या ह्या फ्लॅटच्या गॅलरीत, कढीपत्त्याच्या कुंडीवर, एक सापडला. बोटाच्या पेराएवढा, वाळक्या काडीसारखा. मी पाणी घालत होते तर त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. झुरळ बघत नाही, मुंगी बघत नाही, फुलपाखरू तर आपल्याच तोऱ्यात असतं. हे एकच असं, की मान वळवून माणसाकडं बघतं. मी म्हटलं, मेल्या, आता नको, दोनदा सोडलंय मी हे. आणि दुपारी स्टूल घेऊन माळ्याकडं गेले.

मोठी झाल्यावर ती मादी निघाली. आता जानेवारी लागलाय आणि ती म्हातारी झालीय. पायांची टोकं झडलीत, त्यामुळं जाळीला लोंबकळता येत नाही, धपकन खाली पडते. डोळ्यात काळा डाग आलाय; रात्री ह्यांचे डोळे काळे पडतातच, पण हा दिवसासुद्धा जात नाही. तुम्हाला पुढचं सांगायला नको. आजवर मी इथपर्यंतच आले, अण्णा. इथं आलं की बरणी उचलायची, कुठल्या तरी झाडावर तिला ठेवायचं, "जा बाई, मोकळी फिर" म्हणायचं, बरणी धुऊन पालथी घालायची आणि परत ह्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवायचं. ह्या वेळी सोडायची नाही. शेवटपर्यंत जवळ बसायचं. ठरवलं तर एवढंसंच आहे, पण जमेल का याची मलाच खात्री नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. दिवसभर कोर्टात लोकांचे जबाब टाइप करते, भराभर. स्वतःचा लिहायचा म्हटलं की हात जड होतो.

उस्मानपुऱ्यातल्या त्या दोन खोल्या आठवतात का? स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीनं बरण्या, प्रत्येकीच्या तोंडाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा आणि रबर. आईच्या लोणच्याच्या बरण्या तुम्ही एकेक करून पळवल्या होत्या आणि ती बिचारी कैऱ्यांच्या दिवसांत दर वर्षी तुमच्या नावानं शंख करायची. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तुम्ही परिचर. दिवसभर फॉर्मॅलिनमधले बेडूक, साप, झुरळं पुसायची, मांडायची, पोरांना काढून द्यायची. घरी आलात की हाताला तो वास असायचा, साबणानं जायचा नाही. मी एकदा विचारलं, "अण्णा, तिथं एवढे किडे असून घरी परत किडेच कामून?" तुम्ही म्हणालात, "तिथले हालत नायत, बाळा." मी आठ-नऊ वर्षांची असेन. मला ते लई विनोदी वाटलं होतं.

तुम्ही शिकवलेलं सगळं अजून तोंडपाठ आहे. हातजोड्या दोन-चार दिवस खाईना, तर घाबरायचं नाही. आपल्याला वाटतं उपाशी आहे, म्हणून आपण आणखी एक नाकतोडा आत टाकतो, आणि इथंच नवं माणूस फसतं. ते खात नाही कारण कात टाकायच्या बेतात असतं. कात टाकताना उलटं लोंबकळतं, अंग मेणासारखं मऊ असतं, त्याला हलता येत नाही, आणि त्याच वेळी आपण मायेनं टाकलेला तो नाकतोडाच त्याला कुरतडून खातो. "खाईना तर बरणी रिकामी कर अन् गप बस," तुम्ही म्हणायचात. "आपल्याला काहीतरी करायची लई घाई असती. त्येला नसती." मी एकदा ती चूक केलीच. सकाळी बघितलं तर अर्धा हातजोड्या आणि ताजातवाना नाकतोडा. तुम्ही रागावला नाहीत, नाकतोडा काढून खिडकीबाहेर सोडला आणि मला म्हणालात, "शाळेला जा." तेव्हा नाही रागावलात.

रागावलात ते मी चौदा वर्षांची असताना. तुमची सगळ्यात म्हातारी मादी, जिला तुम्ही खराट्याच्या काडीवर मधपाण्याचा थेंब घेऊन रोज पाजायचात, ती पडायला लागली होती. तुम्ही कामावर. मी शाळेतून आले तर ती बरणीत उताणी, पाय हलवत होती. मला बघवेना. मी तिला उचललं आणि मागच्या मेंदीच्या कुंपणावर नेऊन ठेवलं. मनाला म्हटलं, मरायचंच तर झाडावर मरू दे. संध्याकाळी तुम्ही कंदील घेऊन कुंपणाशी वाकलात, तर तिला मुंग्या लागल्या होत्या आणि ती अजून जिवंत होती. तुम्ही एकेक मुंगी काढत बसलात. आई जेवायला हाका मारत होती. मग माझ्याकडं न बघता म्हणालात, "तुला बघवंना म्हणून तू तिला भाईर टाकलीस. तिच्यासाठी नाय केलंस त्ये. परत असं करू नको." आवाज चढवला नाहीत. चढवला असता तर मी रडून मोकळी झाले असते. तुमचं हे वाक्य पन्नास वेळा विसरायचा प्रयत्न केला मी. जमलं नाही.

तरी तुम्ही मनात धरलं नाहीत. मला बीडला नोकरी लागली, तेव्हा स्टँडवर सोडायला आलात आणि पावडरचा रिकामा डबा हातात दिलात. आत काडीला चिकटलेला, वाळल्या फेसासारखा अंड्यांचा गोळा. बाकीच्या पोरींना बाप कुकर देतात, मला हे. बीडच्या भाड्याच्या खोलीत मार्चमध्ये त्यातनं शे-दीडशे पिल्लं निघाली, मुंगीएवढी. त्यांच्यासाठी केळी सडवून चिलटं तयार केली, घरमालकीण नाकाला पदर लावून म्हणाली, "बाई, हे काय वंगाळ चालवलंय?" पिल्लांनी एकमेकांना खाल्लं, एक उरलं, ते मोठं झालं, म्हातारं झालं आणि मी ते कोर्टाच्या आवारातल्या कण्हेरीवर सोडलं. ते पहिलं. मग लग्न, मग लग्न मोडलं, तेव्हा पुन्हा एक पाळला, तोही सोडला. सोडताना प्रत्येक वेळी तुमचा आवाज आला आणि प्रत्येक वेळी मी लगबगीनं बरणी धुतली.

आता फोनवर असे हातजोड्ये पाळणाऱ्यांचा एक गट आहे, अण्णा. तुम्ही असतात तर हसून पोट दुखलं असतं. त्यात दर महिन्याला कुणीतरी लिहितं, "मी हे सोडतोय, बरण्या कुणाला हव्यात का?" कारणं ठरलेली. चिलटांचा वास, बायकोची कटकट, गावाला गेलं तर बघणार कोण. छावणी भागातला एक माणूस आहे, त्यानं दोन वर्षांत चारदा सोडलंय आणि पाचव्यांदा धरलंय. आम्ही त्याची थट्टा करतो. एकदा त्याला खरं विचारलं तर म्हणाला, "अहो ताई, वास-बीस सगळं सांगायला ठीक आहे. आठ महिन्यांचा जीव. जरा कुठं त्याच्या सवयी कळायला लागतात तोवर आवरायची वेळ येते. दर वेळी कुणी करायचं ते?" मग परत का येता, म्हटलं. तर म्हणे, "पावसाळ्यात झाडावर दिसतात ना." एवढंच. मला त्यापेक्षा शहाणं उत्तर सापडलेलं नाही. कंटाळून सोडतात ते परत येत नाहीत. भिऊन सोडतात तेच येतात. मी त्यातली.

आता ते लिहिते, ज्यासाठी एवढं लांबण लावलं. तुमचे शेवटचे अकरा दिवस. सातव्या दिवशी धाकट्या भावानं बीडला फोन केला, "ताई, अण्णानं खाणं सोडलंय, ये." मी घरी सगळ्यांना सांगितलं की साहेबांनी रजा नाकारली. आईनं त्या साहेबांना आजपर्यंत शिव्या दिल्यात. खोटं होतं ते, अण्णा. साहेबांनी अर्ज वाचलासुद्धा नाही, लगेच सही केली, वर म्हणाले, "आधी निघा." मी स्टँडवर गेले. औरंगाबादची गाडी उभी होती. शहराचं नाव बदललंय आता, गाडीवर संभाजीनगर असतं, पण तेव्हा औरंगाबाद होतं. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर तिकिटं फाडत माझ्यापर्यंत यायच्या आत मी खाली उतरले. का, तर तुम्ही कसे दिसत असाल ते माझ्या डोळ्यांपुढं आलं. उताणे, पाय हलवत. खोलीवर जाऊन दार लावून पडून राहिले, चार दिवस. पाचव्या दिवशी तुम्ही गेल्याचा फोन आला, तेव्हा ताबडतोब गाडी पकडली. तेव्हा बरी हिंमत आली. लाज वाटते, अण्णा. बारा वर्षं झाली आणि अजून गाडीत खिडकीशी बसले की वाटते.

म्हणून ह्या वेळी हट्ट धरला. पंधरा दिवस झाले, मी हिला रोज खराट्याच्या काडीनं मधपाणी पाजतेय. बरणी आडवी केली, तळाशी मऊ फडकं घातलं, म्हणजे पडली तरी लागत नाही. दोनदा मन फिरलं. एकदा तर बरणी घेऊन जिना उतरून खाली बागेपर्यंत गेले, जास्वंदीपाशी उभी राहिले आणि परत वर आले. आईनं दारातच विचारलं, "काय गं, टाकून आलीस का?" मी म्हटलं, नाही. त्या दिवसापासून तिची कटकट बंद झाली. परवा मी पाजत होते तर खुर्ची ओढून जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "तुझ्या अण्णाला मी अस्संच कापसाच्या बोळ्यानं पाणी लावायचे." मी काडी खाली ठेवली. बारा वर्षांत जे विचारलं नव्हतं ते तोंडातून गेलं. "आई, अण्णांना लई त्रास झाला का गं शेवटी?"

"तरास कशाचा?" ती म्हणाली. "हात माझ्या हातात हुता. मी आपली बोलायले हुते, हे असं, ते तसं, कढीला फोडणी द्यायचीय. बघितलं तर हात गार. मला कळलं बी नाय कधी गेले त्ये."

"माझी आठवण काढली?"

"काढली की. म्हणले, ती येत असंल. मी म्हणलं, तिचा तो मेला साहेब सोडंना. तर म्हणले, आसू दे, तिला बघवणार नाय." आणि आई उठून हरभऱ्याचे घाटे सोलायला गेली. तुम्हाला माहीत होतं म्हणजे. रजेचं नाही, पण माझं माहीत होतं.

इथवर लिहून कागद ठेवून दिले होते. आज रविवार. सकाळी साडेदहाला ती थेंब घेईना. तोंडाशी काडी नेली, मिशा जरा हलल्या, तेवढंच. मी तिला फडक्यासकट तळहातावर घेतलं आणि गॅलरीतल्या उन्हात बसले. उठून जावंसं वाटत होतं, कपडे वाळत घालायचे होते, भाजी निवडायची होती, अचानक शंभर कामं आठवली. नाही उठले. आईनं चहा आणून ठेवला आणि आत गेली. खाली दूधवाल्याशी कुणीतरी भांडत होतं. माझ्या तळहातावर तिनं एकदा पुढचे हात लांब केले, परत दुमडले. मग मान माझ्याकडं होती ती तशीच राहिली. मी वाट बघत राहिले की आता काहीतरी होईल, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. चहाला हात लावला तर साय आलेली.

गटात एक ओळ टाकलीय, तिचं झालं म्हणून. छावणीतल्यानं विचारलंय, बरणी द्यायची का. नाही म्हणून कळवलं. रजेचं आईला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ती त्या साहेबांना शिव्या देते तेच बरं. हे कागद घडी घालून माझ्या कपाटात राहतील, ते कुणाकडं पाठवायचे नाहीत. तुम्हाला फक्त एक कबूल करायचं होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की तिथं बघवणार नाही असं भयंकर काहीतरी असणार. काही नव्हतं हो, अण्णा. नुसतं बसायचं होतं. मला बसता आलं असतं तुमच्याजवळ.