नोंद ठेवली

कलाबो, ६ जून २०१६

चि. मुबितास अनेक आशीर्वाद.

आईच्या दिवसांना आलास आणि दुसऱ्याच दिवशी पळालास. लुसाकाचं पाणी लागलं म्हणायचं! आमच्या दवाखान्याचा संगणक बसवाल्याबरोबर पाठवतेय. दुरुस्त कर, पण त्याआधी माझं एक काम कर.

गेल्या पावसाळ्यात दवाखान्यात मुंडियांच्या सुनेचं बाळंतपण आईनेच केलं. त्यांनी मुलीला आईचंच नाव ठेवलं, इनोंगे. आईने संगणकात नोंद केली, तेवढ्यात वीज गेली. परत आली तेव्हा नोंद नव्हती. 'नोंद ठेवली' असं पडद्यावर आलं होतं, असं आई सांगत राहिली. कुणाला पटेना. म्हातारी विसरायला लागली म्हणून तिचं काम काढून घेतलं. मातीला आलेल्या बायकाही तेच कुजबुजत होत्या. आई खरंच विसरली होती का, एवढं शोधून सांग. माझ्यापासून लपवू नकोस.

वेळेवर जेवत जा.

तुझी ताई,
नामासिकू

लुसाका, १९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

आई विसरली नव्हती.

डेटाबेस, म्हणजे नोंदी सांभाळणारा प्रोग्राम, वीज गेली तरी टिकणाऱ्या डिस्कवर स्वतः लिहीत नाही. तो नोंद संगणक चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती देतो. ती मोठी चलाख. वेळ वाचवायला नोंद थोडा वेळ हातातच धरते आणि ठेवली म्हणून सांगते. खरंच डिस्कवर गेली का, हे डेटाबेसने दटावून विचारायचं असतं. रुग्णांची रांग लवकर सरावी म्हणून संगणक बसवून देणाऱ्याने ते विचारणंच बंद केलं होतं. वीज गेली आणि हातातलं सगळं गेलं. मी विचारणं पुन्हा सुरू केलंय आणि संगणक परत पाठवतोय.

डेटाबेसने त्या सिस्टिमवर विश्वास ठेवला, आईने डेटाबेसवर. आईवर मात्र कुणीच ठेवला नाही. मला फार वाईट वाटतंय, ताई.

तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा मुबिता

कलाबो, २ जुलै

चि. मुबितास आशीर्वाद.

तुझं पत्र दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. मग आईची खुर्ची जागेवर ठेवायला सांगितली.

शेवटच्या दुखण्यात आई रोज विचारायची, त्या पोरीची नोंद केलीस का. तिला बरं वाटावं म्हणून मी दर वेळी "केली" म्हणायचे. ती शांत झोपायची. केली नव्हती रे.

काल केली. 'नोंद ठेवली' असं आलं, तरी माझ्याने उठवेना. वीज जायची वेळ झालीच होती. गेली, परत आली. इनोंगे जागच्या जागी होती.

आता हे आईला कुठे सांगू?

येत जा रे.

तुझी ताई