कॉम्प्युटरवर हडपसरचा बंगला

३ ऑगस्ट १९९२, सोमवार
ऑफिसात कॉम्प्युटर आला. गोपाळकृष्ण सरांनी त्याला हार घातला. महिनाअखेर ड्रॉइंग टेबलं काढणार. कॉम्प्युटर जमेल त्याने नकाशे काढायचे, बाकीच्यांनी महापालिकेत फायली न्यायच्या. बाकीच्यांत मी नसणारच. इतकी वर्षं हाताने नकाशे काढले, हे यंत्र आठवड्यात शिकेन. मग ऑफिसात नव्याने लागलेल्या शालूलाही शिकवेन.

६ ऑगस्ट
रेघ मारली. शाई फुटली नाही. चुकलं तर ब्लेडने ट्रेसिंग पेपर खरवडायला नको, बटण दाबलं की रेघ गेली. मनात म्हटलं, वा! शालूला म्हटलं, ठीक आहे.
घरी रज्जाकना सांगितलं. म्हणाले, मग आमटीतलं मीठही तसंच काढ.

११ ऑगस्ट
हडपसरचे गेनबा आले. बंगल्याचा जिना डावीकडचा उजवीकडे हवा. हाताने म्हणजे नवीन ट्रेसिंग, दोन दिवस, वर मानदुखी. शालूने चहा यायच्या आत अख्खं घर आरशात धरल्यासारखं फिरवलं. मी म्हटलं, हाताच्या कामात जीव असतो. गेनबा म्हणाले, नसीमताई, जीव आमी घालतो, तुमी जिना घाला.
उद्यापासून रोज तासभर सराव.

१४ ऑगस्ट
सराव सोमवारपासून.

१८ ऑगस्ट
शालूने फिरवलेला नको, गेनबांचा बंगला कॉम्प्युटरवर पुन्हा पहिल्यापासून मीच काढणार. शालू मापांबद्दल काहीतरी सांगायला आली. म्हटलं, मापं मला शिकवू नकोस.

२४ ऑगस्ट
नकाशा पूर्ण. छापताना सर, शालू, गेनबा सगळे जमले. नकाशे छापणाऱ्या प्लॉटरच्या पेनाने एवढ्या मोठ्या कागदावर मधोमध एक ठिपका काढला आणि ते थांबलं.
हाताने काढताना आम्ही प्रत्येक माप शंभराने भागतो. मी सवयीने भागलं. कॉम्प्युटरला म्हणे घर खऱ्या मापाचंच सांगायचं, छापताना तो भागतो. दोनदा भागलं गेलं.
गेनबांनी चष्मा लावला. म्हणाले, ह्यात मुंगीबी मावायची न्हाय. सर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.
शालूने ठिपका शंभरपट केला. दारं, खिडक्या, जिना, सगळं जागच्या जागी. म्हणजे नकाशा बरोबरच होता. फक्त लहान होता. हे कोणी लक्षात घेत नाही.

२९ ऑगस्ट
माझं टेबल खालच्या शिंप्याने कापड बेतायला नेलं. सरांनी फायली माझ्याकडे दिल्या. तात्पुरत्या, असं ते म्हणाले नाहीत, पण तसंच असणार.

३ सप्टेंबर
महापालिका. खिडकीवरच्या बाई गेनबांचा नकाशा बघून म्हणाल्या, काय रेखीव आहे हो, तुम्ही काढलात? हो म्हटलं. मग त्यांनी न्हाणीघराची खिडकी मोठी करायला सांगितली. म्हणाल्या, कॉम्प्युटर आहे ना, तुम्हाला मिनिटाचं काम. पुन्हा हो म्हटलं.
रिक्षाने ऑफिसात आले. कॉम्प्युटरपुढची खुर्ची रिकामी होती. शालू डबा खात होती. तिचा दहीभात संपेपर्यंत खुर्चीशेजारी उभी राहिले.