बाटलीची आतली बाजू

१४ मार्च

चि. बदकास,

ताईचे अनेक आशीर्वाद. एवढा मोठा झालास, तरी मला तू बदकच. तू पाठवलेले सुके मासे मिळाले. भावजयीला पाचवा महिना लागल्याचे वाचून आनंद झाला. माझा खोकला बरा आहे. प्रयोगशाळेत नवे यंत्र आले आहे, आणि यंत्राचा विषय निघाला की मला आवरत नाही, हे तू जाणतोसच.

तेव्हा ऐक. बागांवर फवारलेले औषध पावसाबरोबर तळ्यात येते, परंतु त्याला पाण्याचे वावडे आहे. ते गाळाला चिकटते. गाळातून अळ्यांत, अळ्यांतून लहान माशांत, तिथून मोठ्या माशांत जाते आणि प्रत्येक पायरीवर चरबीत साठत राहते. पाणी तपासावे तर जेमतेम अंश, मासा तपासावा तर त्याच्या हजारो पट! ही मांडणी इतकी नेटकी आहे की प्रथम शिकले तेव्हा मी थक्क झाले होते. यंदा आम्ही नळी खुपसून हातभर खोल गाळ काढला. थरांवरून वर्षे मोजता येतात. फवारणी आज थांबली, तरी त्यातले निम्मे औषध नाहीसे व्हायला पंधरा वर्षे लागतील.

“पाणकावळे यायचे बंद झाले, ताई. आता सगळे मासे आपलेच!” असे तू म्हणालास, तेव्हा मीही हसले. याच औषधाने त्यांच्या अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली होती की उबवणाऱ्या आईच्याच वजनाने ती फुटत होती.

आता मुद्द्यावर येते. बराच वेळ टाळला.

नऊ वर्षांपूर्वी मी पाण्याचे नमुने घेत होते, तू सुट्टी काढून मदतीला आला होतास, आणि काचेच्या बाटल्या भाड्याच्या होडीत फुटल्या. “होडी आहे ही, तुझं काचेचं कपाट नाही,” असे म्हणत तू सरबताच्या प्लास्टिकच्या बाटल्या धुऊन दिल्यास. अहवालाची मुदत सोमवारी संपत होती. मी त्या घेतल्या. हे औषध प्लास्टिकलाही चिकटते, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. अहवालात लिहिले: ‘आढळले नाही.’ त्यावरून मासेमारी खुली झाली, आणि तू कारखाना सोडून स्वतःची होडी घेतलीस.

त्यांपैकी एक बाटली अजून कपाटात होती. चिठ्ठीवर तुझे अक्षर: ‘तळ्याचा मध्य’. गेल्या आठवड्यात पाणी ओतून दिले आणि बाटलीची आतली बाजू द्रावकाने धुतली. सगळे तिथेच होते, नऊ वर्षे.

नवा अहवाल मी कालच पाठवला. तुला आधी कळवले असते, तर “एवढं वर्ष जाऊ दे, ताई” म्हणाला असतास, आणि मी जाऊ दिले असते. तळे बंद होईल.

तू पाठवलेले मासेही तपासले. आकडा लिहीत नाही. भावजयीने आजपासून तळ्यातला मासा तोंडाला लावू नये. आजवर जे खाऊन झाले, त्याविषयी विचारू नकोस. ते मला समजावून सांगता येणार नाही.

दोन्ही अहवालांवर जिची सही आहे,
ती तुझी ताई